शून्य अंशाच्या रेषेवरून उत्तरेकडे

शनिवार, पुणे ते मुंबई

जानेवारीतल्या समताप रेषांचा, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा उघडला की बहुतेक रेषा अक्षवृत्तांच्या सोबतीने पूर्व-पश्चिम जाताना दिसतात. उत्तर अटलांटिकवर मात्र शून्य अंशाची रेषा वेगळीच वागते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ती न्यूयॉर्कच्या आसपास, म्हणजे ४० अंश उत्तरेला असते. समुद्र ओलांडता ओलांडता ती ईशान्येकडे चढत जाते, नॉर्वेचा किनारा धरून आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे पोहोचते आणि मग माघारी वळून डेन्मार्क, जर्मनी करत दक्षिणेला उतरते. पुण्याच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवताना आत्याने ही रेषा फळ्यावर लाल खडूने किती वेळा काढली असेल, याला गणती नाही. निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला: ही रेषा जिथून जाते तिथे ऐन हिवाळ्यात जायचं आणि बंदरातलं पाणी हात लावून बघायचं. सोबतीला मी.

उन्हाळ्यात नॉर्वेला जाणारे पुण्यात पुष्कळ भेटतील. फेब्रुवारीत, तेही मालवाहू-प्रवासी बोटीने, म्हटल्यावर वाड्यातल्या सगळ्यांनी काळजी केली. लोकरीचे मोजे, कानटोप्या, भाजणीचा डबा, मेतकूट, चिवडा, सगळं दोन बॅगांत बसलं.

रात्री टॅक्सीने निघालो तेव्हा पुण्यात शाल लागत होती. घाट उतरून पनवेलला आलो तर आत्याने शाल काढून मांडीवर ठेवली. "इथूनच सुरू झालं बघ आपलं," ती म्हणाली. पुणे आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. तरी जानेवारीत मुंबईचं किमान तापमान पुण्यापेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त असतं. त्यातला काही भाग आपल्या साडेपाचशे मीटर उंचीचा, उरलेला समुद्राचा. पुण्याची कोरडी, निरभ्र रात्र जमिनीतली ऊब आकाशात सोडून देते. जानेवारी १९३५ मध्ये तर शिवाजीनगरचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईला समुद्र तसं होऊ देत नाही. फक्त मुंबईजवळचं पाणी जिथलं तिथेच तापलेलं असतं. आम्ही निघालो होतो तिथे ऊब हजारो किलोमीटरांवरून येते.

रविवार, बर्गन

विमानातून उतरलो तर पाऊस. बर्फ नाही, पाऊस. तापमान ४ अंश. बर्गन ६० अंश उत्तरेला आहे. ग्रीनलंडचं दक्षिण टोक याच अक्षवृत्ताजवळ येतं आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मगादानही, जिथे जानेवारीची सरासरी उणे १६ अंशांच्या आसपास असते. बर्गनची सरासरी शून्याच्या दोनेक अंश वर. आपल्याकडची तुलना हवी तर श्रीनगर घ्या. श्रीनगर ३४ अंशांवर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर, आणि जानेवारीची सरासरी साधारण बर्गनएवढीच. दल सरोवरावर काही हिवाळ्यांत बर्फाचा थर धरतो. बर्गनचं बंदर मात्र मोकळं असतं.

ब्रिगेनची ती प्रसिद्ध लाकडी, उतरत्या छपरांची घरं आम्ही भिजत पाहिली. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. लोक छत्रीशिवाय शांतपणे चालले होते. आत्या थेट धक्क्याच्या कडेला गेली, वाकली, हातमोजा काढून पाणी चाचपून आली आणि म्हणाली, "गार आहे. पण पाणी आहे."

सोमवार, बर्गन

सकाळी टेकडीवरच्या विद्यापीठाकडे चढून गेलो. इथल्या भूभौतिकी संस्थेत १९१७ मध्ये विल्हेल्म ब्यर्कनेस आला आणि त्याने मुलगा याकोब, हाल्वर सोलबर्ग, टोर बर्गेरॉन यांच्यासह आजच्या हवामानशास्त्राचा पाया घातला. पहिलं महायुद्ध चालू होतं, बाहेरची निरीक्षणं मिळेनाशी झाली होती. तेव्हा त्यांनी पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभारलं. त्या नोंदींतून त्यांना दिसलं की थंड आणि उबदार हवा सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक सीमा असते आणि वादळं त्या सीमेवर जन्मतात. युद्धातल्या आघाडीवरून त्यांनी तिला 'फ्रंट' म्हटलं. हा विचार याच गावात सुचावा यात नवल नाही. पश्चिमेकडून एकामागून एक आवर्त येतात ते याच किनाऱ्यावर, आणि प्रत्येक आवर्त अटलांटिकवरची ओलसर ऊब सोबत आणतं.

रात्री साडेआठला बोट सुटली. १८९३ पासून ही किनारी सेवा चालू आहे. रिशार्ड विथ या कप्तानाने ती सुरू केली तेव्हा हिवाळ्याच्या अंधारात, खडकांनी भरलेल्या या किनाऱ्यावर नियमित बोट चालवणं लोकांना अशक्य वाटत होतं. अंधार होता, वादळं होती, पण समुद्र गोठत नव्हता. गोठत असता तर कुठल्याही कप्तानाचा इलाज चालला नसता. आज बर्गनपासून किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं ही बोट घेते. टपाल, मासळी, खोकी, शाळेची मुलं आणि आमच्यासारखे प्रवासी.

मंगळवार, समुद्रात

पहाटे स्टाडच्या भूशिराला वळसा घालताना बोट चांगलीच हलली. इथे बेटांचा आडोसा नाही, उघडा समुद्र लागतो. आत्या सुंठेची गोळी चघळत खिडकीशी बसून होती. ऑलेसुंड झाल्यावर पाणी निवलं आणि आम्ही नकाशा पसरला.

शाळेत आपण सगळे शिकलो की मेक्सिकोच्या आखातातून गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह निघतो आणि त्याच्यामुळे नॉर्वेची बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत. या प्रवाहाचा पहिला चांगला नकाशा बेंजामिन फ्रँकलिनने १७६९-७० च्या सुमारास छापून घेतला. तो तेव्हा टपाल खात्याचा अधिकारी होता आणि इंग्लंडहून येणारी टपालाची जहाजं व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा का पोहोचतात हा प्रश्न त्याच्यापुढे होता. उत्तर त्याला नॅनटकेटच्या त्याच्या नात्यातल्या टिमथी फोल्गर या कप्तानाने दिलं. देवमाशांच्या मागे फिरणाऱ्या खलाशांना हा प्रवाह माहीत होता, ते तो चुकवून जात. टपालाचे कप्तान त्याच्या विरुद्ध झगडत बसत.

फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून दर सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी वाहतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात टाकतात त्याच्या जवळपास पंचवीसपट. पण हे सगळं पाणी नॉर्वेला येत नाही, आणि नकाशावरचा जाड लाल बाण इथे थोडी दिशाभूल करतो. हॅटरस भूशिरापाशी प्रवाह अमेरिकेचा किनारा सोडतो. पुढे त्याला फाटे फुटतात आणि बरंचसं पाणी वळून पुन्हा दक्षिणेला, महासागराच्या मधल्या मोठ्या चक्रात परत जातं. जो भाग ईशान्येकडे सरकतो तो उत्तर अटलांटिक प्रवाह. त्यातलंही ग्रीनलंड आणि स्कॉटलंड यांच्यामधला समुद्राखालचा उंचवटा ओलांडून नॉर्वेच्या समुद्रात शिरणारं पाणी सेकंदाला सुमारे ऐंशी लाख घनमीटर. तरीही ते नद्यांच्या एकूण पाण्याच्या सहा-सात पट झालंच.

बुधवार, ट्रॉन्हाइम

गावात तीन तासच मिळाले. निडारोसचं कॅथेड्रल बाहेरून पाहिलं, बर्फ तुडवत नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत गेलो आणि परतलो.

दुपारी जेवणानंतर मी आत्याला एका वादाबद्दल सांगितलं. २००२ मध्ये रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी विचारलं: युरोपचा सौम्य हिवाळा खरंच गल्फ स्ट्रीममुळे आहे का? त्यांचं उत्तर असं की पश्चिम युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यातल्या फरकाचा मोठा वाटा वाऱ्यांचा आहे. मध्य अक्षांशांत पश्चिमी वारे वाहतात. युरोपवर ते समुद्रावरून येतात, न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरवर ते गोठलेल्या खंडावरून येतात. त्यात रॉकी पर्वत वाऱ्याला असा वळसा घालायला लावतो की अमेरिकेच्या पूर्वेला वायव्येची थंड हवा उतरते आणि युरोपकडे नैर्ऋत्येची उबदार हवा चढते. शिवाय समुद्र उन्हाळ्यात ऊब साठवतो आणि हिवाळ्यात ती सोडतो. ते काम प्रवाह नसला तरी होतच राहील.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाठ्यपुस्तकात एका ओळीची जागा असते गं. त्या ओळीत वारा मावत नाही. पण मग या किनाऱ्याचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता, कारण त्याच निबंधात या किनाऱ्याला वेगळं काढलेलं आहे. पॅरिस, लंडनची ऊब मुख्यतः वारा आणि समुद्राची साठवण यांच्यावर चालते. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर मात्र प्रवाहाने आणलेल्या उष्णतेचा वाटा खरोखर मोठा, कारण तीच बर्फाची कड दूर उत्तरेला ढकलून धरते. समुद्रावर बर्फ धरला की समुद्राची ऊब त्याखाली कोंडली जाते आणि वरची हवा खंडासारखी गारठते. मला तरी वाटतं, शाळेतल्या त्या ओळीला तिची खरी जागा इथे मिळते. युरोपभर पसरवली की ती पातळ होते, उत्तर नॉर्वेवर ठेवली की घट्ट बसते. वारा नसेल तर प्रवाहाची ऊब जमिनीवर येणार नाही, आणि प्रवाह नसेल तर इतक्या उत्तरेला वाऱ्याकडे आणायला काही उरणार नाही.

गुरुवार, आर्क्टिक वृत्त ते लोफोटेन

सकाळी सातच्या सुमारास, अजून निळसर अंधार असताना, एका छोट्या खडकावर पृथ्वीगोलाची आकृती दिसली. ६६ अंश ३३ मिनिटं. आर्क्टिक वृत्त. डेकवर उणे १ अंश. आम्ही उभ्या होतो तिथून अक्षवृत्त धरून पश्चिमेला गेलं असतं तर ग्रीनलंडचा हिमपट्टा लागला असता, पूर्वेला गेलं असतं तर सायबेरिया.

बोटीवरच्या एका खलाशाने सांगितलं, बाहेर खुल्या समुद्रात पाणी सहा-सात अंशांचं असतं, आतल्या बाजूला थोडं कमी. म्हणजे हवेपेक्षा पाणी उबदार! हेच इथलं मर्म आहे. समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच मीटर थरात त्याच्यावरच्या सबंध वातावरणाएवढी उष्णता मावते. नॉर्वेच्या समुद्रात तर हिवाळ्यात शेकडो मीटर पाणी ढवळलं जातं. वरचं पाणी हवेला ऊब देतं, गार होतं, जड होऊन खाली जातं आणि त्याची जागा खालचं कमी गार पाणी घेतं. ते इतकं खारट असल्यामुळेच जड होऊन बुडतं. पृष्ठभाग गोठायचा तर आधी तो सगळा खोल थर गार व्हायला हवा, आणि तितक्यात हिवाळा संपतो, दक्षिणेकडून नवं पाणीही आलेलं असतं. जे पाणी इथे गार होऊन बुडतं ते तळाशी साठत साठत त्या उंचवट्यावरून परत अटलांटिकच्या खोल भागात ओसंडतं. जगभरच्या खोल समुद्राला थंड पाणी पुरवणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक.

बोडो सोडलं आणि वेस्टफ्योर्ड ही खाडी ओलांडायला घेतली तेव्हा समोर लोफोटेन बेटांची भिंत उभी होती. शिखरांवर बर्फ, पायथ्याशी काळंभोर मोकळं पाणी. आत्या डेकवरून हलायलाच तयार नव्हती. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी फ्रिट्योफ नान्सेन याची गोष्ट मी तिला तिथेच सांगितली. 'फ्राम' जहाज त्याने मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं होतं. १८९३ ते १८९६ च्या त्या मोहिमेत त्याने पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे कलून सरकतो. पृथ्वीच्या परिवलनाचा तो परिणाम. एकमन या तरुण स्वीडिश अभ्यासकाने त्याचं गणित मांडलं आणि वारा समुद्राला कसा हाकतो हे पहिल्यांदा नीट कळलं. नुसत्या डोळ्यांनी पाहून, वहीत लिहून ठेवलेली ती एक नोंद होती.

रात्री नऊला स्वोल्वरला उतरलो. आमची बोट पुढे गेली. उद्या याच वेळी येणारी दुसरी बोट घ्यायची होती.

शुक्रवार, काबेलवोग

कोळ्यांसाठी बांधलेल्या लाल लाकडी खोलीत राहिलो. खाली खांब, खांबांखाली भरतीचं पाणी. इथे कोळ्यांसाठी अशा खोल्या राजा ऑयस्टाइनने इ. स. ११२० च्या सुमारास बांधवल्या असं सांगतात. म्हणजे नऊशे वर्षं हिवाळ्यात इथे लोक मुद्दाम येत आले आहेत, ऐन थंडीत, कामासाठी.

काम म्हणजे कॉड. बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला दक्षिणेला लोफोटेनला येतो. वेस्टफ्योर्डात वर किनाऱ्याचं गार, कमी खारट पाणी असतं आणि खाली अटलांटिकचं उबदार पाणी. दोन्हींच्या मधल्या, चार ते सहा अंशांच्या थरात हा मासा अंडी सोडतो. कोळी पिढ्यान्‌पिढ्या जाळी आणि गळ त्याच खोलीवर टाकत आले.

गावाबाहेर लाकडी मांडवांवर जोडी-जोडीने शेपट्या बांधलेले कॉड लटकत होते. मीठ नाही, धूर नाही, नुसता वारा. आमचं मूळ गाव दापोलीकडचं, त्यामुळे सुक्या मासळीचा वास आत्याला बालपणात घेऊन गेला. दोरीवरचे बोंबील कोकणातलं ऊन वाळवतं. इथलं ऊन त्या मानाने कमजोर. वाळवतो तो शून्याच्या जरा इकडे-तिकडे रेंगाळणारा हिवाळा. थंडी कडाक्याची पडली तर मासा गोठून तंतू फाटतात आणि मांस भुसभुशीत होतं. ऊब वाढली तर मासा सडतो, माश्या बसतात. फेब्रुवारी ते मे, शून्याच्या आसपास, कोरडा वारा आणि अधूनमधून पाऊस, एवढंच नेमकं हवं, आणि ६८ अंश उत्तरेला हे नेमकं या प्रवाहाच्या काठीच मिळतं. नकाशावरची रेषा आत्याला इथे मांडवावर टांगलेली सापडली, असं मी म्हटलं तर ती खूश झाली.

ही सुकी मासळी आजही इटलीला आणि नायजेरियाला जाते. इटलीचा धागा जुना आहे. १४३२ च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटांपाशी लागला. तिथल्या कोळ्यांनी त्याला आणि उरलेल्या साथीदारांना महिनोन्‌महिने सांभाळलं. परत जाताना त्याने सुका कॉड सोबत नेला. ते रोस्ट म्हणजे ६७ अंशांच्याही वर असून जिथे जानेवारीची सरासरी शून्याच्या खाली जात नाही असं ठिकाण. उघड्या बोटीतून आलेली ती माणसं त्याच अक्षांशावर दुसरीकडे कुठे लागली असती तर जगलीच नसती.

संध्याकाळी खोलीच्या मालकीणबाईंनी चहाला बोलावलं. साठीच्या बाई, बोलक्या. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर त्यांनी कपाटातून एक डबी काढली. आत पाच-सहा सेंटिमीटरची, चपटी, तपकिरी, गुळगुळीत बी. त्यांच्या आजीला किनाऱ्यावर सापडलेली. पूर्वी बाळंतीण अडली तर अशी बी तिच्या हातात देत, म्हणाल्या.

"अगं, ही तर गारंबी!" आत्या मराठीतच ओरडली. आमच्या पणजीच्या औषधाच्या बटव्यात गारंबी असायची, हे मीही ऐकलेलं. कोकणातल्या जंगलात महावेलीला हातभर लांब शेंगा येतात त्यातली बी. मालकीणबाईंच्या हातातली तिची अमेरिकेतली बहीण, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या नद्यांकाठी वाढणारी. शेंग नदीत पडते, बी समुद्रात येते, प्रवाहाला लागते आणि महासागर पार करून नॉर्वेच्या वाळूवर येऊन पडते. लोक शतकानुशतकं तिला दैवी समजत, कारण असलं झाड कुणी पाहिलेलंच नव्हतं. आकडे, नकाशे, उपग्रह काहीही नसताना या बियांनी प्रवाहाचा पुरावा किनाऱ्यावर आणून ठेवला होता.

मी इंग्रजीत, आत्या मराठीत आणि बाई नॉर्वेजियनमध्ये, असं आमचं तासभर चाललं. भाजणीची थालीपीठं त्यांनी दोनदा मागून घेतली.

शनिवार, ट्रोम्सो

दुपारी अडीचला उतरलो. भरपूर बर्फ, उणे ४, पण खाडी मोकळी. नोव्हेंबरच्या अखेरपासून इथे सूर्य उगवत नाही. जानेवारीच्या मध्यावर तो क्षितिजापर्यंत येतो, पण डोंगरांमुळे गावाला तो २१ जानेवारीच्या सुमारास दिसतो आणि त्या दिवशी लोक जॅम भरलेले गोल बन खातात. दोन महिने सूर्य नसलेल्या गावाची जानेवारीची सरासरी उणे तीन-चार अंश! म्हणजे इथली हिवाळ्याची ऊब सूर्याची नाहीच. ती दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या अक्षांशावर पडलेल्या उन्हाची आहे.

किनारा सोडून आत गेलं की हिशोब पालटतो. याच अक्षवृत्तावर, डोंगरांच्या आड, कारास्योकला १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ अंश नोंदले गेले. नॉर्वेतला तो आजवरचा नीचांक. वारा डोंगरांनी अडला आणि हवा दरीत साचली की समुद्र जवळ असून उपयोग नाही.

रविवार, होनिंग्सवोग

७१ अंश. इथून उत्तर भूशिराकडे बस जाते. रस्ता वाऱ्यामुळे बंद होता म्हणून गावातच थांबलो. आदल्या रात्री बॅरेंट्स समुद्रावर हवा बिघडली होती. उत्तरेच्या बर्फावरची उणे वीस-तीसची हवा जेव्हा या उबदार पाण्यावर सरकते तेव्हा खालून इतकी तापते की काही तासांत लहान पण भयंकर वादळं उठतात. शेकडो किलोमीटर व्यास, आयुष्य एक-दोन दिवस. उपग्रहांची छायाचित्रं मिळायला लागेपर्यंत कोळ्यांच्या सांगण्याखेरीज त्यांचा माग नव्हता. प्रवाहाची देणगी घेणाऱ्या किनाऱ्याला हेही घ्यावं लागतं.

याच समुद्रातून दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५, दोस्तांचे जहाजांचे तांडे सोव्हिएत रशियाला सामान पोहोचवत. आर्खांगेल्स्क ६४ अंशांवर, पण हिवाळ्यात गोठतं. मूर्मान्स्क ६९ अंशांवर, पण खुलं राहतं. म्हणून हिवाळ्यात जहाजं उत्तरेच्या बंदराला जात. आत्याने मला हे विचारलं होतं तेव्हा मी शाळेत होते आणि माझा विश्वास बसला नव्हता.

सोमवार, किर्केनेस

बोटीचा शेवटचा थांबा. सकाळी उणे १९. नाकात केस गोठल्याची जाणीव झाली. आणि इथे, ट्रोम्सोच्याच अक्षांशावर, फ्योर्डाच्या आतल्या भागात पाण्यावर जाड बर्फ. लोक त्यावरून चालत होते, भोकं पाडून खेकडे काढत होते.

लोफोटेनला खोल खारं पाणी उलथत होतं. इथे नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं. ते गार झालं तरी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकंच राहतं, बुडत नाही, आणि तो पातळ थर पटकन गोठतो. त्यात जमिनीवरून, रशिया-फिनलंडकडून येणारी हवा. थोड्याच अंतरावर खुला समुद्र मोकळा, आत बर्फ. आत्या जपून बर्फावर उतरली, टाच आपटून पाहिली. तिला दोन्ही बाजू बघायला मिळाल्या.

शनिवार, पुणे

परत आल्यावर पहिलं काम म्हणून आत्याने मला शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसपाशी नेलं. पुणेकर या चौकातून रोज जातात. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये इथे आलं, म्हणून हे नाव. त्याआधी, १९०४ ते १९२४, या खात्याचा प्रमुख होता गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचा गणिती. मान्सून कधी दगा देतो हे शोधण्यासाठी त्याने जगभरच्या केंद्रांवरचे हवेच्या दाबाचे आकडे कारकुनांकडून हाताने ताडून घेतले. त्यात त्याला पॅसिफिकवरच्या दाबाचं हेलकावणं दिसलं आणि आइसलंड व अझोर्स यांच्यामधल्या दाबाचंही. उत्तर अटलांटिक हेलकावा हे नाव त्याचंच. हा दाबातला फरक जास्त असला की पश्चिमी वारे जोरात येतात आणि नॉर्वेचा हिवाळा सौम्य, पावसाळी जातो. कमी झाला की पूर्वेची, सायबेरियाची हवा आत शिरते. २००९-१० च्या हिवाळ्यात तो कमालीचा घसरला आणि उत्तर युरोप कुडकुडला. गल्फ स्ट्रीम तेव्हाही वाहतच होता, उलटला होता तो वारा. मान्सूनच्या शोधात निघालेल्या खात्याच्या वह्यांतून हे निघालं, याचा पुण्यात कुठेतरी ठळक उल्लेख असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी वाड्यातली मुलं आत्याकडे जमली. सातवीतल्या एकीने सरळ विचारलं, "आजी, तो प्रवाह बंद पडणार आहे ना?"

आत्याने तिला नीट उत्तर दिलं. वाऱ्याने हाकला जाणारा गल्फ स्ट्रीम वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर राहणार. काळजी आहे ती बुडणाऱ्या पाण्याची, कारण ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं की समुद्राचं पाणी हलकं होतं आणि बुडायला कचरतं. २००४ पासून २६ अंश उत्तरेला अटलांटिकच्या या काठापासून त्या काठापर्यंत यंत्रं लावून वरून उत्तरेला जाणाऱ्या आणि खालून परतणाऱ्या पाण्याचं हे चक्र मोजतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाप्रमाणे या शतकात ते मंदावण्याची शक्यता खूपच दाट आहे. २१०० च्या आत ते एकदम कोसळणार नाही असं शास्त्रज्ञांना मध्यम खात्रीने वाटतं. "मध्यम खात्री म्हणजे आजी?" "म्हणजे निर्धास्त झोपण्याएवढी नाही," आत्या म्हणाली.

"पण मग असं उबदार फक्त नॉर्वेच आहे का?" धाकट्याने विचारलं.

आत्याने ॲटलास त्याच्याकडे सरकवला. "पॅसिफिकच्या उजव्या काठावर बघ. अलास्कात सिटका शोध, ५७ अंशांवर." सापडल्यावर म्हणाली, "जानेवारीत तिथेही शून्याच्या वर असतं, पाऊस पडतो. आता समोरच्या काठावर जा, रशियाकडे. तिथे त्याच महिन्यात समुद्र गोठलेला. आणि गंमत म्हणजे उत्तर पॅसिफिकमध्ये अटलांटिकसारखं पाणी खोल बुडतच नाही. मग सिटकाला उबदार कोण ठेवतं?"

"वारा," मोठी म्हणाली.

"आणि?"

दोघंही पुन्हा नकाशावर वाकली.